हार घातलेला फोटो

मालिकेतल्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेला फोटो दिसला आणि माझ्याशेजारी बसलेल्या शालिनीताईंनी नजर वळवली. फोटो त्यांचाच होता.

तरुणपणी त्यांनी रंगभूमी गाजवली, पुढे सिनेमात नायकाच्या आईची कामं केली आणि उतारवयात या मालिकेतली आजी झाल्या. गुडघे साथ देईनात, तेव्हा मालिकावाल्यांनी आजीला मारून टाकलं. त्यानंतर कामासाठी कुणाचाच फोन आला नाही. जिवंतपणी रोज स्वतःचा असा फोटो पाहताना माणसाला काय वाटत असेल?

मी टीव्ही बंद करायला उठले.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "नाटकात कितीदा तरी मेले मी. पण पडदा पडला की उठायचे, प्रेक्षकांना नमस्कार करायचे. या वेळी ऊठ म्हणायला कुणी आलंच नाही."