मंडईच्या दिवशी आलेला फोन

मित्रांनो, आज आमच्या दवनीवाड्याला मंडई होती. दिवाळीनंतरच्या या जत्रेला लेकी माहेरी येतात. माझी ताई दोन वर्षांनी आली होती. मीही पुण्याहून सुट्टी घेऊन कालच पोहोचलो होतो.

सकाळीच मॅनेजरचा फोन. "क्लायंटला सोमवारची तारीख दिलीय. आजच निघ."

"सर, या कामाला टीमने तीन आठवडे सांगितले होते. आधी विचारलं तरी असतं."

"आता दिली ना! निघ लवकर."

बॅग भरताना आई दारात आली. "काऊन गा, कालच तं आला. तुमच्या साहेबाच्या गावाले मंडई नाही भरत का?"

ताईने अनारसे बांधून दिले.

गोंदियाहून गाडी पकडली. नागपूर सुटल्यावर मॅनेजरचा मेसेज आला, "क्लायंटनेच तारीख पुढे ढकलली. रिलॅक्स."

ताई उद्या सासरी परत जाणार. मघाशी तिचा फोन आला तेव्हा मागे मंडईतलं नाचगाण्याचं लोकनाट्य, आमची दंडार, चालू होती. ढोलकी वाजत होती आणि आम्ही दोघं नुसतं ऐकत राहिलो.

काम करणाऱ्यांना विचारून तारीख ठरवणारं ऑफिस कोणाला माहीत आहे का हो?