उलटे वाचन

१९ फेब्रुवारी १९८८. मांजरे : सहा.

हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या प्रयोगशाळेतल्या प्राणिगृहाच्या वहीत एवढीच नोंद आहे. आल्त्ये झ्वार्तफेल्ड आज ऐंशीच्या घरात आहे, आणि ती नोंद तिला तारखेसकट पाठ आहे.

त्या काळी विषाणूच्या जनुकांची अक्षरे यंत्र वाचत नसे. उजेडाच्या पेटीवर फिल्म पसरायची, एकाने काळ्या रेघा खालून वर वाचायच्या, ए, सी, जी, टी, आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचे. आल्त्ये वाची, तिचा सहकारी खेर्त लिही. तिचा आवाज चर्चमधल्या स्तोत्रांवर घडलेला, संथ; खेर्त म्हणे, "बाई, प्रवचन आटपा, कॉफी निवतेय." मग तीच फिल्म वरून खाली, उलटी वाचायची असा प्रयोगशाळेचा रिवाज होता. दोन माणसे, एक पेटी आणि कसलीही घाई नाही. ते दिवस आठवले की आल्त्येला अजून बरे वाटते.

डुकरांच्या कोरोनाविषाणूवर तिने दोन वर्षे काढली होती. मग मांजरांचा आला. जनुकांची मांडणी तीच, मोठी पुढे, लहान शेपटाकडे. मजकूरही ओळीच्या ओळी तोच. दोघे एका रक्ताचे आहेत हे आधी तिच्या जिभेलाच कळले.

शेपटाकडच्या एका लहान जनुकाची फिल्म वाचली त्या दिवशी खेर्तचा वाढदिवस होता. ज्याचा वाढदिवस त्याने केक आणायचा; सफरचंदाचा केक खोळंबला होता आणि उलटे वाचन राहून गेले. जनुक अखंड आहे असे लिहिले गेले. त्याचे काम काय, हे पाहण्यासाठी प्रमुख डॉ. फॉपमा यांनी सहा मांजरांना विषाणू टोचला.

त्यात सहाही मांजरे मेली. शोधनिबंध छापायला पाठवायच्या आठवड्यात आल्त्येने ती फिल्म काढून वरून खाली वाचली. उलट्या दिशेने पाठांतर कामी येत नाही. डोळ्यांना पाहावेच लागते. एक अक्षर तिथे नव्हतेच. रेघ पुसट असेल असे धरून तिने डुकराच्या विषाणूतले अक्षर म्हटले होते. एक अक्षर गळले की पुढचा सगळा अर्थ सरकतो. जनुक मोडके होते. त्यात तपासण्याजोगे काही नव्हते.

निबंधाच्या लेखकांच्या यादीत तिचे नाव आयुष्यात पहिल्यांदाच येणार होते.

"एकच अक्षर, आल्त्ये," खेर्त म्हणाला. "तू बोलली नाहीस तर ती फिल्म उजेडावर कोण धरणारे?"

"मी धरली ना."

डॉ. फॉपमांनी ऐकून घेतले आणि फिल्म स्वतः उलटी वाचली. हे आधी का सांगितले नाही, असे त्यांनी विचारले.

"आधी मी वाचलंच नव्हतं," ती म्हणाली. "नुसतं म्हटलं होतं."

दुरुस्त निबंध सहा महिन्यांनी छापून आला. आल्त्येचे नाव त्यात चौथे आहे. मांजरांचा उल्लेख नाही, कारण त्यांच्यापासून काहीच कळले नव्हते. त्या सहा जिवांचे देणे आल्त्ये आपले मानते. ते फिटलेले नाही.