ममाच्या मसाल्याला एडवर्डचं कुलूप

अख्ख्या मरोळ गावठाणात व्हॉट्सअ‍ॅप नसलेला माणूस एकच, आमचा एडवर्ड. चर्चची नोटीस असो की कुणाच्या मयताची खबर, त्याला माझ्याकडूनच कळते. नवरा आहे म्हणून सांगते, नाहीतर कोण करणार ही हमाली!

दिवसभर तो एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो आणि घरी आला की लिनक्स. शेजाऱ्यांचे मरायला टेकलेले कॉम्प्युटर त्याने विंडोज काढून, लिनक्स टाकून चालते केलेत. "फुकट आहे म्हणून नाही गं ल्युसी," तो म्हणतो, "आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून बघू शकतं, म्हणून. आणि आपलं खासगी आपल्या घरात राहतं." मी म्हणते, झकास, पण आपला प्रिंटर कधी चालणार? त्यावर साहेब पाणी प्यायला उठतात.

गेल्या वर्षी त्याची ममा, माझी सासू एव्हलिन, आजारी पडली. तिचा बॉटल मसाला गावठाणात नावाजलेला. मे महिन्यात मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, भाजायच्या, कांडणाऱ्या बायका बोलवायच्या आणि मसाला काळ्या बाटल्यांत दाबून भरायचा. प्रत्येक घराचं माप वेगळं, ते बाहेर सांगायची पद्धत नाही. कांडणाऱ्या बायकांना कळू नये म्हणून ममा बाकीचा मसाला आधीच एकत्र करून ठेवायची.

"ममा, तुझा मसाला पण लिनक्ससारखा ओपन सोर्स कर ना, सगळ्यांना खुला," एडवर्ड चिडवायचा.

"तू तुझा पासवर्ड सांगतोस काय रे कुणाला?"

शेवटी एका दुपारी तिने त्याला जवळ बसवून सगळं माप सांगितलं. त्याने ते लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. माझ्या फोनवर पण घेऊ का, विचारलं तर केवढा भडकला! "ममाचा आवाज परक्या कंपनीच्या सर्व्हरवर? जमणार नाही." फेब्रुवारीत ममा गेली.

तेव्हापासून त्याला चैन पडेना. दुःखात माणसं दारू पितात, याने लॅपटॉप पुसून नवीन लिनक्स टाकलं. म्हणे बॅकअप आहे. होता ना! वेगळ्या डिस्कवर, कुलूप लावून. आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे एक फाइल, ती त्याच पुसलेल्या लॅपटॉपवर. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं गाढवाने!

तोंडाला येईल ते बोलले मी. घराण्याचा मसाला बुडवलास म्हणाले. तो म्हणाला, "मसाला जाऊ दे गं. तिचा आवाज होता तो." आणि खरंच, घरात फोटो ढीगभर, पण बोलणारी ममा कुठेच नव्हती.

मे आला. मी मिरच्या आणल्या, म्हटलं अंदाजाने करू. शेजारची मार्था आंटी बघायला आली. ममाची जन्माची मैत्रीण, आणि मसाल्यात जन्माची दुश्मन. मी चुलीवर मिरची भाजत होते. मी रडत रडत तिला सगळं सांगितलं.

"अगो बाई, मग मला विचारायचं ना!" तिने फोन काढला. ममाने आजारपणात तिला व्हॉइस मेसेज पाठवला होता. मी एडवर्डला हाक मारली.

"मार्था, माझं माप ऐक," ममा बोलू लागली. "एडवर्डला दिलंय, पण तो कुलपं लावतो आणि किल्ल्या घालवतो, लहानपणापासून. कुणाला सांगू नको. अडला तरच दे. आणि मिरची भाजताना त्याला लांब ठेव, ठसका लागतो त्याला."

पुढे सगळं माप होतं. एडवर्डने त्यातलं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही. संपल्यावर म्हणाला, "आंटी, परत लाव."

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर आंटीने विचारलं, "तुला पाठवू कसा? तुझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅप कुठाय?"

"ल्युसीला पाठव. माझ्या भावाला पण पाठव, लॉईडला."

"परक्या कंपनीच्या सर्व्हरवरून?" माझ्याच्याने राहवलं नाही.

"असू दे गं. चार जणांकडे असलं की हरवत नाही," तो म्हणाला आणि खोकायला लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. चूल शेजारीच होती, पण त्याला लांब जा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.