पूजेपुरतं घर

जळगावचा प्लॉटवाला अभिमन एक नंबरचा लबाड माणूस, आणि हे त्याच्या बायकोइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या लेआउटवर बोर्ड लागला की कोपऱ्यातला पहिला प्लॉट तो 'आपला' म्हणून जाहीर करायचा, भटजी बोलवायचा आणि नूतनला शालू नेसवून भूमिपूजनाला बसवायचा. "मी स्वतः इथं राहायला येतोय, भाऊ. आणखी काय पाहिजे?" एवढं म्हटलं की गिऱ्हाईक विरघळलंच. कागद कोण बघतो! घरची लक्ष्मी पूजेला बसली म्हणजे घर होणारच, ही आपल्या लोकांची भाबडी खात्री. बाकीचे प्लॉट खपले की तो कोपराही गुपचूप विकून मोकळा व्हायचा.

नूतन अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. सुरुवातीला पूजेहून आली की स्वयंपाकघर कुठे येईल, तुळस कुठे लावायची, याचाच विचार करत बसे. पुढे तेही संपलं. राग मात्र साचत गेला. काही बोलली की अभिमन खेकसायचा, "तुला काय होतं? नुसतं बसायचं तर आहे!" आणि ती बसायची. दर वेळी नवा शालू मिळायचा, हेही खरं.

यंदा त्यानं असोद्याच्या रस्त्याला नाला बुजवून प्लॉट पाडले. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी असायचं, नूतननं जाता-येता पाहिलं होतं. पूजेच्या दिवशी ती पाटावर बसली आणि बघते तर समोरच्या खुर्चीत तिची धाकटी बहीण दिपमाला. धुळ्याचं राहतं घर विकून ती नवऱ्यासोबत आली होती, आणि बयाणा याच मांडवात द्यायचा होता. 'अक्काला चकित करू' असं दिपमालाला सांगून अभिमननं बायकोला पत्ताच लागू दिला नव्हता.

"अक्का, तू बसनी म्हनीसन आमी उनूत," दिपमाला हसत म्हणाली. अक्का पूजेला बसली, एवढ्याच भरवशावर ती आली होती.

नूतनच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या मेहुणीलाही सोडलं नाही या माणसानं! भटजींनी तिच्या पदराची आणि अभिमनच्या उपरण्याची गाठ मारली होती, संकल्प सुरू झाला होता. तिनं सगळ्यांदेखत ती गाठ सोडली आणि उठली.

"दिपा, आठे नाला शे. घर-बिर काही नही. बठ्ठं खोटं शे!"

मांडवात एकच गलका झाला. दिपमालाच्या नवऱ्यानं पैशाची पिशवी छातीशी धरली. अभिमन दात-ओठ खात जवळ आला.

"घरी चल. मग दाखवतो तुला."

"कोनतं घर?" नूतननं विचारलं. "तेवढं सांग."

लोक फिदीफिदी हसले. अभिमनचं हसं झालेलं नूतन पहिल्यांदाच बघत होती. तिला फार बरं वाटलं. ताठ मानेनं ती समोर खुर्चीतल्या बहिणीकडे निघाली.

वाटेत ताईबाई आडवी आली. यावल रस्त्याच्या अभिमनच्याच जुन्या लेआउटमध्ये हिनं प्लॉट घेऊन घर बांधलं होतं, आणि पावसाळ्यात त्या घरात न्हाणीतून पाणी वर यायचं. अभिमनला चारचौघांत जाब विचारायचा म्हणून ती आज आली होती. ती हसत नव्हती.

"आमच्या वेळी पण तूच बसली होतीस," ती म्हणाली. "तेव्हा का नाही सोडलीस गाठ?"

दिपमालानं येऊन नूतनचा हात धरला, पण ताईबाई वाटेतून हलली नाही.