डाव्या हाताचा प्रश्न घेऊन मुरुमला

ही सहल म्हणावी अशी सहल नव्हती, हे आधीच सांगते. ब्लॉग वाचणाऱ्या काही जणींनी विचारलं होतं, की धाराशिव जिल्ह्यात दर्शनाच्या रांगा टाळून नुसतं शांत बसता येईल अशा जागा कुठल्या. त्या जागा मी पाहिल्या. रस्ते, गाड्या, जेवण सगळं पुढं येईलच. पण मी निघाले होते एक प्रश्न विचारायला, आणि तो वगळून लिहिलं तर हे लिखाण अर्धं खोटं होईल.

आमचं घर ढोकीला. आम्ही लिंगायत. माझे वडील, अप्पा, रोज सकाळी अंघोळ करून इष्टलिंगाची पूजा करतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, तळहात डोळ्यांसमोर धरायचा आणि त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. भस्म, बेल, पाणी असतंच, पण खरी पूजा ते बघणं. ती झाल्याशिवाय अप्पा अन्नाला शिवत नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय थोडा सुधारला. डाव्या हाताची मूठ मात्र वळली ती वळलेलीच राहिली.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांचा हात गरम पाण्यात धरते, एकेक बोट उघडते, खालून माझ्या हाताचा आधार देते आणि तळहातावर लिंग ठेवते. थोड्या वेळानं हात थरथरतो, बोटं मिटतात, लिंग कलंडतं. अप्पा म्हणतात, झाली नाही, परत. असं करता करता अकरा वाजतात. त्यांना साखर आहे. गोळी सकाळी आठला, तीही पोटात काहीतरी गेल्यावर घ्यायची. मध्यंतरी एकदा ते पूजेच्या पाटावरच चक्कर येऊन आडवे झाले. उजव्या हातात घ्या म्हटलं, तर मनाला पटत नाही म्हणाले. शेवटी त्यांनीच तोड काढली. मुरुमच्या ज्या स्वामींनी त्यांना दीक्षा दिली, त्यांना विचारून ये, ते म्हणतील तसं. असलं फोनवर विचारायचं नसतं, असंही वर सांगितलं.

माझाही एक गुंता होता. पुण्यात एका ग्रंथालयात मला नोकरी मिळाली आहे, संक्रांतीनंतर रुजू व्हायचंय. आई नाही. आईची धाकटी बहीण, शांतामावशी, आमच्याकडं येऊन राहायला तयार आहे. स्वयंपाक, गोळ्या, कपडे सगळं ती बघेल. पण मेव्हण्याचा हात धरून पूजेला बसणं तिला जमणार नव्हतं आणि अप्पांनाही चाललं नसतं. सगळं त्या सकाळच्या हातापाशी अडलं होतं. स्वामींनी 'उजवा चालेल' म्हणावं असं मला मनातून वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून मन खात होतं.

निघताना अप्पा एवढंच म्हणाले, "जसंच्या तसं आणायचं." मी लहान असताना आम्ही मळ्यात राहायचो, शाळा लांब होती, त्यामुळं सुरुवातीचं शिक्षण अप्पांनीच घरी केलं. त्यातला एक पाठ म्हणजे निरोप. मला शेजारच्या मळ्यात निरोप घेऊन पाठवायचे आणि मग स्वतः जाऊन, पोरीनं काय सांगितलं, हे विचारायचे. एक शब्द इकडचा तिकडं झाला की परत पाठवणी. आजही मी गॅस बंद केलाय का ते बघायला दारातून माघारी फिरते, ती सवय तिथलीच असावी.

पहिला टप्पा तेर. ढोकीहून जवळ आहे, पण गाळपाचा हंगाम असेल तर वेळ हाताशी ठेवा. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्ताभर असतात आणि एसटी त्यांच्या मागं पाय ओढत चालते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं खर्चाची चिंता नाही. तेरला नदीकाठी कुंभार संतांचं देऊळ आहे. गावात सगळे त्यांना नुसतं 'काका' म्हणतात. सकाळी दहाच्या सुमारास मंडपात चार-पाच माणसं असतील. थंड फरशीवर भिंतीला टेकून हवं तेवढं बसा, कुणी उठवत नाही.

मी बसले, पण शांत काही वाटेना. पहाटे उठून अप्पांच्या पूजेला बसले होते, ती पुरी न होताच त्यांनी निघायला लावलं होतं, आणि पाठ भरून आली होती. बाहेर फुलं विकणाऱ्या बाईंनी विचारलं, नवस हाय का? मी का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. काकांच्या कथेत ते स्वतःचेच हात तोडून घेतात आणि पुढं कीर्तनात ते हात परत फुटतात, हे तिकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. बाई फुलांवर पाणी मारत म्हणाल्या, "काकांना हात नव्हते, तवा काय नाम थांबलं व्हतं का? तुमच्या वडलांना म्हणावं, देव लई मोठा हाय, हाताचं बघत न्हाय." मग मला दोन झेंडू जास्त दिले. उत्तर गोड होतं, पण अप्पांच्या कामाचं नव्हतं. नामाला हात लागत नाहीत. आमच्या पूजेला तळहातच आसन.

तेरहून धाराशिव. स्टँडबाहेर गरम भजी आणि चहा घेतला, तेच जेवण. लेणी शहरापासून थोडी दूर आहेत, रिक्षा ठरवताना परतीचंही ठरवून घ्या, नाहीतर माझ्यासारखी उन्हात पायपीट करावी लागेल. पाणी सोबत न्या. ही लेणी आधी बौद्ध भिक्षूंसाठी कोरली आणि पुढं जैनांची झाली असं सांगतात. मोठ्या लेण्यात गाभाऱ्यातली मूर्ती मांडी घालून बसलेली आहे. दोन्ही हात मांडीत, एकावर एक. माझं लक्ष अर्थातच हातांकडं गेलं. वरचा उजवा की डावा, हे बघायला मी पुढं वाकले, पण अंधार आणि झिजलेला दगड, नीट कळेना. एका खोलीत दगडी ओट्यावर टेकले. आतला गारवा अंगाला लागला आणि पुढचं काही आठवत नाही.

राखणदारानं उठवलं. "ताई, ध्यान लागलं व्हतं का झोप?"

झोप, म्हटलं.

"बरं झालं, खरं बोलला. ध्यानवाले घोरत न्हाईत."

हसू आलं, पण रिक्षावाला निघून गेलाय हे कळल्यावर ते मावळलं. पायी उतरले.

संध्याकाळी शहरातल्या मोठ्या दर्ग्यात गेले. गुरुवार नव्हता, त्यामुळं गर्दी नव्हती. डोक्यावर ओढणी घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसले. आत काही म्हातारी माणसं डोळे मिटून अगदी हळू आवाजात, श्वासाबरोबर नाव घेत बसली होती. झाल्यावर त्यांच्यातले एक चाचा पायऱ्यांवर येऊन बसले आणि कुठून आलीस म्हणून विचारलं. मी एका डॉक्टरचं पटेना म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडं जाणाऱ्या रुग्णासारखं पुन्हा तेच सगळं सांगितलं. चाचांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, त्यांच्यात ज्याला उभं राहता येत नाही त्यानं बसून नमाज पढायची, बसता येत नसेल तर पडून, तेही नसेल तर मान हलवून. मग म्हणाले, "बीमाराला माफी हाय, बेटा. पण माफी घ्यायला बी दिल मोठा लागतो. तुझ्या अब्बांना ती घ्यायची हाय का?"

त्यांच्याकडं दुखण्याच्या प्रत्येक पायरीचा नियम आधीच करून ठेवलेला होता, ह्याचा मला हेवा वाटला. रात्री लॉजवर मावशीचा फोन आला, माझ्या माघारी दोन दिवस तीच घरी येऊन राहिली होती. अप्पांनी हात स्वतःच उजव्या हातानं उघडायचा प्रयत्न केला आणि जेवण थेट संध्याकाळीच झालं. लॉज स्टँडजवळ आहे, स्वच्छ आहे, उशी तेवढी आपली न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. तुळजापूरला निम्मी गाडी रिकामी होते, तिथं खिडकी मिळते. पुढं नळदुर्ग. किल्ला बघण्यासारखा आहे, अर्धा दिवस काढून बघा. मी बघितला नाही. येणेगूरच्या फाट्यावर उतरून मुरुमसाठी वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, धरलं. इकडं आलं की आजूबाजूच्या बोलण्यात कानडी मिसळायला लागते. गाडीत दोघी जणी मराठीत भांडत होत्या आणि कानडीत हसत होत्या.

स्वामींचा मठ म्हणजे बाजाराच्या मागं एक साधं घर. फलक नाही. स्वामींचं वय खूप झालंय, ऐकू कमी येतं, म्हणून त्यांच्या सूनबाई जवळ बसून मोठ्यानं बोलतात. मी पाया पडले, अप्पांचं नाव सांगितलं. त्यांना आठवलं. मी निरोप सांगितला, अप्पांनी सांगितला होता त्याच शब्दांत: डावा हात गेला, लिंग कुठं धरू?

स्वामींनी माझ्याकडं बघून विचारलं, "आता कसं करता?"

मी सांगितलं. त्यांनी स्वतःचा डावा हात पुढं केला, मूठ मिटली आणि म्हणाले, दाखव. मी संकोचले. सूनबाई म्हणाल्या, दाखव की, गुरू हाईत. मी त्यांची बोटं उघडली, खाली माझा हात धरला. त्यांचा हात कागदासारखा हलका होता. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"लिंग दुसऱ्याच्या हातात देत न्हाईत," स्वामी म्हणाले. "पण लेक दुसरी न्हाय. त्याची बोटं कशाला उघडतीस? तुझ्या डाव्या तळहातावर घे, त्याच्या डोळ्याम्होरं धर. हात तुझा, बघणं त्याचं. रोज. एक दिवस सोडायचा न्हाय."

मी मान हलवली. पुण्याचं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण अप्पांच्या निरोपात ते नव्हतं. विचारायला पाठवलेला प्रश्न मी माझ्या सोयीचा करून घेतला असता, तर ते उत्तर अप्पांचं राहिलंच नसतं. सूनबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. उत्तम होती, असं आता आठवून लिहितेय. तेव्हा चव कळली नव्हती.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी ते वाक्य मनात घोळवत राहिले. 'रोज' हा एक शब्द गाळला तर? 'लेक'च्या जागी 'घरचं माणूस' म्हटलं तर? मुरुमला विचारायला कोण जाणार होतं? नळदुर्ग गेलं, तुळजापूर गेलं. धाराशिवला गाडी बदलली. ढोकीच्या अलीकडं पुन्हा उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या आणि मला बरंच वाटलं, तेवढाच उशीर.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. अप्पा खुर्चीत बसून होते. मी पाय धुऊन समोर बसले आणि जसंच्या तसं सांगितलं, 'रोज'सकट. मावशी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

अप्पा म्हणाले, "शब्द बदलला नाहीस?"

"नाही."

"कळतंय ते. बदलायचाच असता तर 'उजवा चालेल' म्हणत आली असतीस." मग विचारलं, "पुण्याचं सांगितलंस त्यांना?"

"तुमच्या निरोपात नव्हतं."

ते हसले. झटक्यानंतर हसू त्यांच्या एकाच गालावर येतं.

पुण्याला 'येत नाही' असं कळवायचं ठरवूनच मी झोपले. सकाळी नेहमीसारखं पातेल्यात पाणी गरम केलं, स्वतः अंघोळ केली, डावा हात दोनदा धुतला आणि पूजेच्या खोलीत गेले. अप्पा आधीच पाटावर बसले होते. मावशीनं अंघोळ घालायला शेजारच्या दादांना बोलावलं होतं म्हणे. लिंग त्यांच्या उजव्या तळहातावर होतं. डावी मूठ मांडीत, वळलेली, आणि तिच्यावर उजवा हात टेकवलेला. हात हलत नव्हता. मी दारातच थांबले.

बघणं संपल्यावर त्यांनी लिंग डबीत ठेवलं, कपाळाला लावलं. मी म्हटलं, स्वामींनी तर माझा हात सांगितला होता.

"स्वामींनी सांगितलं ते बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "मी मोडलं ते माझ्या डोक्यावर. तू पुण्याला जा." मग मावशीला हाक मारून विचारलं, खायला काय केलंय.

आठ वाजायचे होते. त्यांनी उपीट खाल्लं, गोळी घेतली.

त्यांना ते पटलंय असं मला वाटत नाही. जेवून झाल्यावर कधीकधी ते डाव्या मुठीकडं बघत बसतात, आणि मीही. ज्या जागा सांगितल्या तिथं जरूर जा. लेण्यातल्या मूर्तीचा वरचा हात कुठला, हे कुणाला नीट दिसलं तर मला कळवा. मी संक्रांतीनंतर पुण्यात असेन. त्या सकाळचं पातेल्यातलं गरम पाणी मावशीनं चहाची भांडी घासायला घेतलं.