भुरीची छत्री

रंगुबाई जन्मतःच पांढरीफटक होती. केस, भुवया, पापण्या, सगळंच. कडेगावच्या पूर्वेला माळावर आमचं गाव. तिथं सगळे तिला भुरी म्हणायचे आणि धनगराच्या घरात गोरीपान सून आली म्हणून कौतुक करायचे. त्या गोऱ्या हातांवर उन्हाने उठलेले फोड मात्र कुणाला दिसले नाहीत. मला दिसायचे. मी गावचा शिंपी, चोळीचं कापड द्यायला ती माझ्याकडेच यायची.

नवरा सिद्धू आणि ती दिवसभर माळावर मेंढरं राखायची. पंचेचाळीस साली तिच्या डाव्या कानावर जखम झाली, ती भरेना. गावचा मानकरी भाऊसो म्हणाला, "बिरोबाचा कोप हाय. भंडारा लाव." तिने वर्षभर हळद लावली. तेव्हा मीही शहाण्यासारखी मान डोलावली होती. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शेवटी सिद्धूने तिला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी कान कापला. म्हणाले, हा उन्हाने झालेला कॅन्सर आहे. अंग झाका, सावली धरा, नाहीतर पुन्हा होईल.

मी मांजरपाटाचं गळाबंद, लांब बाह्यांचं पोलकं शिवलं. सिद्धूने विट्याच्या बाजारातून काळी छत्री आणली. ती बघून मेंढरं पहिल्या दिवशी चौखूर उधळली. चार दिवसांत सरावली.

माणसं कसली सरावतात! माळाची वाट चावडीवरून जाते. तिथं मानकरी बसतात, म्हणून बायका चपला हातात घेऊन चालतात. भाऊसो सिद्धूवर खेकसला, "मानकऱ्यांफुडं बायकू छत्री घिऊन मिरवती? लाज हाय का?" सासूने त्याच दिवशी छत्री खुंटीला टांगली. ज्याच्या कातडीला काही होत नाही त्याने दुसऱ्याच्या कातडीवर हुकूम सोडायचे, ही आमची रीत! दोन महिन्यांत रंगुबाईच्या नाकावर नवा डाग उठला.

चैत्रात बिरोबाची जत्रा आली. भर दुपारी पालखी चावडीपुढे थांबली. देवाला ऊन लागू नये म्हणून भाऊसोने स्वतः छत्र धरलं होतं. रंगुबाई गर्दीतून पुढे आली आणि तिने खाडकन छत्री उघडली.

"मीट ती आदी!" भाऊसो ओरडला. "लय शेफारलीस!"

तिने पदर मागे सारला. कानाच्या जागी नुसतं भोक होतं. "आवं, देवाला ऊन लागतंय म्हून छत्र धरलंय न्हवं? मला बी लागतंय. भंडारा लावत बसले आन् कान गेला. आता नाक द्याची न्हाई."

भाऊसोचे दोन्ही हात छत्रात अडकलेले. छत्र टाकून हात उगारावा, तर देव उन्हात पडणार. माझा राग इतका तुंबला होता की मी मोठ्याने म्हणालो, "बरोबर बोलली पोरगी!" सिद्धू पुढे होऊन तिच्याशेजारी उभा राहिला. सासूने मान खाली घातली, पण छत्रीला हात लावला नाही.

त्याच आठवड्यात मिरजेला डाग काढला. लहान होता, नाक वाचलं. रंगुबाई आता चावडीवरून छत्री धरूनच जाते. भाऊसो तोंड फिरवतो. फिरवू दे.