दिल्लीच्या तारेवरचे बोंबील

दादा गेल्यापासून आमच्या घरी लोक येऊन बसतात. बसल्यावर बोलायचं काय, हे कुणालाच सुचत नाही. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "हरीचा तो बोंबलांचा किस्सा आठवतो का?" आणि सुरू होतं. एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा. माणसं मांडीवर थापा मारून हसतात. मग आय चुलीपासून उठते, परसात निघून जाते.

मी हरीचा धाकटा भाऊ. शाळा तिसरीत सोडली, तेव्हा लिहिण्यात चूकभूल असेल. हे किस्से आमच्या होडीवरच्या माणसांचे. होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, माझा बा. मग दादा, मी, जानूकाका आणि दोन खलाशी. गाव पालघरकडच्या नवापूरच्या अंगाला, समुद्राला लागून.

दादाला सरकारनं देशाच्या संरक्षणाच्या कायद्याखाली धरलं. कारण सांगितलं नाही, कोर्टात उभं केलं नाही, आणि तो तुरुंगात काविळीनं मेला. हे आधीच सांगून टाकतो. हसताना मध्येच कळलं की माणसाला वाईट वाटतं.

*

सुरुवात तारेपासून झाली. एका सकाळी समुद्रावरून परत आलो, तर आमच्या वाळवणाच्या जागेभोवती सरकारनं खांब रोवून तार ओढलेली. पणजोबाच्या वेळेपासून जिथं मासळी वाळत होती ती जागा तारेच्या आत, आम्ही बाहेर. वर एक बोर्ड, इंग्रजीत आणि हिंदीत. आत काय बांधणार ते कुणी सांगेना. कुणी म्हणे बंदर, कुणी म्हणे फौजेची छावणी.

बोंबील मात्र थांबायला तयार नव्हते. वेळेत वाळत घातले नाहीत की सडतात. जानूकाकानं तारेला हात लावून बघितला. ताठ, गुळगुळीत, आमच्या बांबूच्या काठ्यांपेक्षा बरी. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोडी काठीवर सोडायची, ही आमची वाळवायची पद्धत. काकानं पहिली जोडी तारेवर सोडली. मग आम्ही सगळेच लागलो. दुपारपर्यंत नजर जाईल तिथवर दिल्ली सरकारच्या तारेवर आमचे बोंबील लटकत होते.

जीप आली. साहेब नाकाला रुमाल लावून उतरला.

"ये क्या है?"

"बोंबील हाय, सायेब," जानूकाका म्हणाला.

"सरकारी तार पे?"

"व्हय ना. सरकारनं पयल्यांदाच कायतरी कामाचं पाठवलं."

दादा हसता हसता वाळूत बसला. साहेबाला मराठी येत नव्हती, पण हसणं कळलं. पहारेकऱ्यांनी सगळे बोंबील ओढून मातीत टाकले, आणि साहेबानं जीपमध्ये बसायच्या आधी कोण हसलं ते नीट बघून घेतलं.

*

लोकांची कुरबुर वाढली तसा वरून एक मोठा साहेब तक्रारी ऐकायला आला. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. तक्रारी ऐकायच्या आधी त्यानं स्वतःच तासभर भाषण केलं. देश अडचणीत आहे, प्रत्येकानं देशासाठी त्याग केला पाहिजे, वगैरे.

दादा उठला. "सायेब, आमी देशात येतो का?"

"म्हणजे काय? येताच की."

"मंग आमच्यासाठी कोन त्याग करतो?"

मांडवात हशा झाला. साहेबही हसला. मोठ्या प्रेमानं म्हणाला, "नाव काय तुझं?"

दादानं स्वतःचं नाव सांगितलं, बाचं सांगितलं, आडनाव, गाव, होडीचं नाव, सगळं सांगितलं. मागं बसलेला एक माणूस लिहून घेत होता.

घरी येताना जानूकाका म्हणाला, "हरी, येवढं सविस्तर तर तू सासऱ्याला पन नाय सांगितलंस."

*

मग नारळी पुनवेचा दिवस. आमच्या गावानं नारळ जिथून समुद्राला द्यायचा तो खडक तारेच्या आत गेला होता. परवानगी मागायला बा दोनदा जाऊन आला. गेटवरचा म्हणाला, "समुद्र बाहेरही आहे, तिकडून टाका."

बा परत येऊन म्हणाला, "समुद्र हाय बाहेर. देव कुठं हाय ते मी त्याला कसं सांगू?"

दादानं वल्ह्यानं तार उचलून धरली आणि आम्ही खालून सरपटत आत गेलो. दादाच्या हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. खडकापर्यंत पोचलो नाही. शिट्ट्या वाजल्या, शिपाई धावले. त्यांतला एक कुठला तरी लांबचा, बिचाऱ्यानं पुनवेचा नारळ कधी बघितलेला नव्हता. संरक्षित जागा, वल्ही घेतलेली माणसं, आणि चकचकीत गोल वस्तू. तो ओरडला, "बम है, बम!" सगळे आडवे झाले. आम्हीही झालो.

चौकीत नेलं. फौजदारानं कुठलाच धोका नको म्हणून नारळ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला आणि शेजारी एक हवालदार बसवला. हवालदार घामानं भिजलेला, बादलीवरून नजर काढेना.

दादा त्याला म्हणाला, "हवालदारसायेब, आमी पान्यातच टाकायला चाल्लो व्हतो. तुमच्या हातून झाला. पुन्य तुमाला."

आम्हा सगळ्यांना सोडलं. दादाला ठेवून घेतलं. म्हणाले, दोन प्रश्न विचारायचे आहेत. दादा दारातून म्हणाला, "तुमी व्हा पुढं, मी येतो."

*

तो आला नाही. चार दिवसांनी मी चौकीत गेलो. चांगली पापलेटं टोपलीत घेऊन गेलो, हात जोडून उभा राहिलो.

"दादाला कुठं नेलं? त्यानं केलं काय?"

"वरून ऑर्डर आहे," फौजदार म्हणाला.

"वर म्हणजे पालघरला?"

"त्याच्या वर."

"मुंबईला?"

"अजून वर."

"तिथं कुनाला विचारायचं?"

"दिल्लीला विचार," असं म्हणून तो टोपलीतलं पापलेट उलटंपालटं करून बघायला लागला. त्याचं ते बोट पापलेटावर फिरताना बघितलं आणि मला राहवलं नाही. टोपली उचलून त्याच्या टेबलावर उपडी केली. कागद, टोपी, शाईची दौत, सगळ्यावर मासळी.

मला लगेच कोंडलं. सकाळी समोर उभं करून गुन्हा वाचून दाखवला. सरकारी कामात अडथळा, सरकारी टेबलाचं नुकसान, सगळं मुद्देसूद. जामिनावर जानूकाकानं सोडवून आणलं. वाटेत मी रडत होतो.

काका म्हणाला, "रडतस कशाला? नशीबवान हायस. तुला गुन्हा तरी मिलाला."

*

आमच्या शाळेचे मास्तर देशावरचे, मनाचे चांगले. ते एका संध्याकाळी घरी आले. बाला समजावून सांगायला लागले की जगातल्या देशांनी मिळून एक जाहीरनामा केलाय. माणसाला कारणाशिवाय धरायचं नाही, धरलं तर न्यायासमोर उभं करायचं, त्याला जनावरासारखं वागवायचं नाही. आपल्या देशानंही त्याला हात वर केलाय.

बा जाळं शिवत होता. सुई थांबवून म्हणाला, "कुनासमोर हात वर केला?"

"सगळ्या जगासमोर."

"मास्तर, मंग एकदा आमच्यासमोर पन करायला सांगा. आमी बी जगातलेच."

मास्तरांनी दिल्लीला अर्ज लिहून दिला. नंतर आणखी दोन लिहिले. त्यानंतर एक दिवस चौकीतला हवालदार शाळेत जाऊन त्यांच्याशी बोलला. मास्तर आमच्या घरी यायचे बंद झाले. वाटेत भेटले की अजूनही थांबतात, चप्पल सारखी केल्यासारखं करतात आणि जातात. मला त्यांचा राग येत नाही. यायचा, आता येत नाही.

*

मतदान आलं. टोपीवाले दारोदार फिरत होते. आमच्या अंगणात त्यांतला एक हात जोडून म्हणाला, "आई, तुमच्या घरात पाच मतं आहेत. आमच्याकडे लक्ष असू द्या."

आय बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घरात चार हायत, बाबा. पाचवं तुमच्याकडंच हाय. तेवढं आनून द्या, मंग पाची घेऊन जा."

तो अजून चहाला थांबेल म्हणून वहिनीनं आधण ठेवलं होतं. ते तिनं ओतून दिलं.

*

होळीच्या आधी सांगावा आला. हरी गेला, येऊन घेऊन जा. टेम्पोतून आणला. ओळखू येत नव्हता, हळदीत बुडवून काढल्यासारखा. वहिनीनं त्याची बोटं बघितली आणि तेव्हा ती किंचाळली, तोवर तो दादाच आहे यावर तिचाही विश्वास नव्हता.

टेम्पोच्या मागं जीप. फौजदारानं सांगितलं, गर्दी करायची नाही, घोषणा नाहीत, मसणात पाचच माणसं. आमच्यात माणूस गेला की घरटी एकजण जातो, होड्या त्या दिवशी सुटत नाहीत. पाच माणसं गेली. बा, मी, जानूकाका, दोन खलाशी.

आमचं मसण अगदी लाटांना लागून. चिता पेटवली आणि समोर बघितलं तर गावातल्या सगळ्या होड्या पाण्यात. शिडं उतरवलेली, कुणी वल्हं मारत नाही, कुणी बोलत नाही. गडी उभे. बाया बसलेल्या, आणि आमच्याकडे बाया कधी होडीत पाय ठेवत नाहीत.

फौजदार गडबडला. "हे काय? हे कोण लोक?"

जानूकाका डोळे पुसत म्हणाला, "मासली मारतात, सायेब."

"जाळी कुठायत?"

"टाकलीत. तुमाला दिसायची नायत."

*

आता शेवटचा. हा दादा जिवंत असतानाचा, पण घरात कुणी सांगत नाही, कारण तिथं मी आणि बा दोघंच होतो आणि बा यावर बोलत नाही.

थंडीत एकदा भेट मिळाली. सहा महिने बा अर्ज घेऊन हिंडत होता. होडी त्या हंगामात धड दहा वेळाही सुटली नाही. खलाशी दुसऱ्याच्या होडीवर जायला लागले होते. तुरुंगात जाळीच्या पलीकडे दादाला आणून उभा केला. डोळे पिवळे, गळ्याची हाडं वर आलेली. एकानंच बोलायचं असा नियम, म्हणून मी बाच्या मागं उभा. मध्ये स्टुलावर शिपाई.

बा म्हणाला, "हरी, डोले कशे पिवले झाले तुजे? दवा देतत का?"

शिपाई म्हणाला, "मला कळेल असं बोला. मला कळलं नाही तर भेट बंद करावी लागते."

"मराठीच बोलतो."

"ही कसली मराठी? शाळेतल्यासारखं बोला."

बा कधी शाळेत गेलेला नाही. त्यानं घसा साफ केला, दोन्ही हात मांडीला लावले आणि म्हणाला, "हरी. तू. औषध. घेत आहेस काय?"

दादाला हसू फुटलं. हसताना खोकला आला, जाळीला धरून खोकत राहिला. बा खाली बघायला लागला. पुन्हा तोंड उघडलं नाही. मी मागून काही बोलणार तर शिपायानं बोट दाखवलं.

समुद्रावर वाऱ्यात आवाज पोचत नाही, तेव्हा तांडेल हातानं सांगतो. मूठ वर केली की धरून ठेवायचं. हात आडवा फिरवला की दोर कापून जाळं सोडून द्यायचं, होडी वाचवायची. जाळं खाली खडकात अडकलं आणि पाणी होडी आडवी करायला लागलं, तरच ही खूण. ती फक्त तांडेलानं करायची, आणि ती झाली की कुणी का म्हणून विचारत नाही, कोयता चालवतो.

खोकला थांबल्यावर दादानं बाकडे बघितलं आणि हात आडवा फिरवला.

बा तसाच उभा. दादानं पुन्हा फिरवला, सावकाश, नीट दिसेल असा.

बानं मूठ वर केली. दादाला आत नेलं, दार लागलं, तरी मूठ वरच. मी धरून ती खाली घेतली.

शिपायानं आम्हाला गेटपर्यंत सोडलं. जाताना म्हणाला, "तुमच्यासारखे लोक पाहिजेत. एक शब्द वावगा बोलला नाहीत."